ढब्बूच्या ताटलीत काय वाढायचं?

गेल्या श्रावणात आमच्या घरी ढब्बू आला. लॅब्रेडॉर जातीचं, दोन महिन्यांचं, वजनाला बरोबर पाच किलो भरणारं फिकट पिवळं पिल्लू. आल्या आल्या त्याने बैठकीच्या खोलीच्या मधोमध तळं केलं, सासूबाईंची जपमाळ पळवली आणि तासाभरात सगळ्या घराचा सातबारा आपल्या नावावर करून टाकला.

त्याच संध्याकाळी वाद सुरू झाला. वाद होता त्याच्या जेवणाचा. सासूबाईंचं म्हणणं सरळ होतं. “लेकरू आईपासून तुटलंय. दूध-पोळी कुस्करून द्या, वर चमचाभर तूप घाला.” यजमानांनी येताना वाटेतल्या दुकानातून पिल्लांच्या कोरड्या खाद्याची तीन किलोंची पिशवी आणली होती. आपल्याकडे या गोळ्यांना, त्या कुठल्याही कंपनीच्या असोत, ‘पेडिग्री’च म्हणतात, वनस्पती तुपाला डालडा म्हणत, तसं. आणि कॉलेजात जाणाऱ्या आमच्या कन्येने आठ दिवस वाचन करून तिसराच पक्ष काढला होता. “आई, कुत्रा म्हणजे मुळात लांडगा. लांडगा कधी बिस्किटं खातो का? त्याला कच्चं मांस द्यायचं, हाडांसकट.”

“श्रावणात?” सासूबाईंनी एवढंच विचारलं.

सगळे हसले. मी हसले नाही, कारण मला राजा आठवत होता.

राजाचा पाय

राजा आमच्या साताऱ्याच्या घरी आला तेव्हा मी शाळेत होते. साल १९८३. आमचे अण्णा प्राथमिक शाळेत मास्तर. कुत्र्यांचं त्यांना वेड होतं आणि कुणाच्या तरी ओळखीने त्यांना अल्सेशियनचं पिल्लू मिळालं. गल्लीतल्या मोतीला भाकरी चालते, पण हे जातिवंत जनावर आहे, याला मांसच पाहिजे, असं अण्णांच्या मनाने घेतलं. मास्तरांच्या पगारात ते बसणारं नव्हतं. अण्णांनी सायकल विकली नाही एवढंच. चहा मात्र सोडला. रोज सकाळी ते पिशवी घेऊन खाटकाकडे जात आणि निवडून बिनहाडाचे तुकडे आणत. हाड घशात अडकेल, म्हणून हाडाचा कणही ते येऊ देत नसत.

राजा चार महिन्यांचा झाला आणि उठताना कण्हायला लागला. पुढचे पाय बाहेरच्या बाजूला वाकले. एके दिवशी त्याने ओट्यावरून उडी मारली. ओटा म्हणजे काय, दोन फुटांचा! मागचा पाय मोडला. जनावरांच्या डॉक्टरांनी त्याला तपासलं, तो काय खातो ते विचारलं आणि शांतपणे म्हणाले, “मास्तर, तुम्ही याला उपाशी ठेवलंय.”

अण्णांचा चेहरा मी अजून विसरलेले नाही. ज्या जिवासाठी आपण चहा सोडला, त्याला आपण उपाशी ठेवलं? पण डॉक्टर खरं बोलत होते. राजाच्या पोटाला भरपूर मिळत होतं. त्याच्या हाडांना काही मिळत नव्हतं.

आज तो हिशेब मला मांडता येतो. पाच किलोंच्या वाढत्या पिल्लाला दिवसाला साधारण सातशे कॅलरी लागतात. त्याच वजनाच्या पूर्ण वाढलेल्या कुत्र्याच्या जवळजवळ दुप्पट. आणि दोन ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम. आता सातशे कॅलरी फक्त बिनहाडाच्या कोंबडीतून द्यायच्या म्हटलं, तर सहाशे ग्रॅम मांस लागेल. त्या सहाशे ग्रॅममध्ये कॅल्शियम किती? शंभर मिलिग्रॅमसुद्धा नाही. गरजेच्या विसाव्या हिश्शापेक्षा कमी. उलट फॉस्फरस मात्र भरपूर. पिल्लाच्या आहारात कॅल्शियम फॉस्फरसच्या निदान बरोबरीने असावं, शक्यतो थोडं जास्त. नुसत्या मांसात फॉस्फरस कॅल्शियमच्या पंधरा-वीस पट असतो. रक्तातलं कॅल्शियम घटलं की गळ्यातल्या छोट्या ग्रंथी जाग्या होतात आणि साठा जिथे आहे तिथून, म्हणजे हाडांतून, कॅल्शियम काढून घेतात. हाडं पोखरली जातात. दोन फुटांची उडीही मग त्यांना सोसत नाही.

लांडगा जगतो, कारण तो सावज हाडांसकट, आतड्या-काळजासकट खातो. अण्णा राजाला लांडग्याचं जेवण देत नव्हते. लांडग्याच्या जेवणातला फक्त आपल्याला चांगला वाटणारा भाग देत होते.

दूध-पोळीचं काय?

“मग आमचा मोती कसा जगला दूध-भाकरीवर?” सासूबाईंचा प्रश्न रास्त आहे. महाराष्ट्रातली बहुतेक कुत्री पिढ्यान्पिढ्या भाकरीवर, कण्यांवर, ताकावर वाढली. पण गल्लीतला मोती घरची भाकरी खाऊन दिवसभर गावभर हिंडत असे. उंदीर, घुशी, उकिरड्यावरची हाडं, लग्नाच्या पत्रावळी, असा स्वतःचा आहार तो स्वतः पुरा करी. शिवाय वाढून वाढून तो पंधरा किलोंचा होई. लॅब्रेडॉरचं पिल्लू वर्षभरात पाच किलोंचं तीस किलोंवर जातं आणि ते फ्लॅटमध्ये राहतं. त्याच्या ताटलीत आपण जे घालू तेच त्याचं जग. त्यात जे नाही, ते त्याला कुठूनच मिळणार नाही.

दूध सुटलं की पिल्लांची दुधातली साखर पचवण्याची ताकद कमी होत जाते. वाटीभर दुधाने अनेक पिल्लांना जुलाब होतात. बरं, दोन ग्रॅम कॅल्शियम फक्त गाईच्या दुधातून द्यायचं, तर दिवसाला पावणेदोन लिटर दूध पाजावं लागेल. पोळीत प्रथिनं बेताची, आणि गव्हाच्या कोंड्यातलं फायटेट जस्ताला धरून ठेवतं. केवळ धान्यावर वाढणाऱ्या पिल्लांच्या नाकाभोवती, डोळ्यांभोवती खपल्या धरतात, त्यामागे पुष्कळदा ही जस्ताची कमतरता असते. दूध-पोळी विष नव्हे. पण वाढत्या पिल्लाचं ते पूर्ण जेवणही नव्हे.

जहाजावरच्या बिस्किटापासून

यजमानांच्या पिशवीचा इतिहास मोठा गमतीचा आहे. १८६०च्या सुमारास जेम्स स्प्रॅट नावाचा एक अमेरिकन विक्रेता विजेपासून इमारतींना वाचवणारे वाहक विकण्यासाठी लंडनला गेला. तिथल्या गोदीत त्याने पाहिलं की जहाजांवरची उरलेली टणक बिस्किटं कुत्री आवडीने खाताहेत. त्याने गहू, भाज्या आणि मांस मिसळून कुत्र्यांसाठी वेगळी बिस्किटं काढली आणि ती तुफान खपली. त्याच्याकडे नोकरीला असलेला चार्ल्स क्रफ्ट नावाचा तरुण पुढे कुत्र्यांची प्रदर्शनं भरवू लागला. १८९१ साली त्याने आपल्या नावाने सुरू केलेलं प्रदर्शन आजही जगप्रसिद्ध आहे.

आजच्या गोळ्या मात्र बिस्किटासारख्या भाजलेल्या नसतात. त्या एक्स्ट्रूजन नावाच्या पद्धतीने होतात. धान्य, मांसाची भुकटी, चरबी यांचं ओलसर पीठ मोठ्या उष्णतेत आणि दाबाखाली साच्याच्या भोकांतून ढकललं, की बाहेर पडताच ते फुगतं. मुलं खातात ते मक्याचे कुरकुरे याच तंत्राचे. अमेरिकेत १९५७ साली अशा गोळ्या बाजारात आल्या आणि कुत्र्याचं जेवण चुलीवरून पिशवीत गेलं.

या गोळ्यांचा मोठा गुण एकच, पण तो फार मोलाचा. चांगल्या कंपनीच्या पिशवीवर ‘पिल्लांसाठी संपूर्ण व संतुलित आहार’ असं लिहिलेलं असेल, तर कॅल्शियम, फॉस्फरस, जस्त, जीवनसत्त्वं यांचा हिशेब कुणीतरी आधीच करून ठेवलेला असतो. अण्णांना तो कुणी करून दिला असता, तर राजा सरळ चालला असता.

पण पिशवीवर डोळे मिटून विश्वास टाकू नये. लेबल वाचावं. मोठ्या कुत्र्यांच्या गोळ्या पिल्लाला देऊ नयेत. दुकानदार सुटं खाद्य तोलून साध्या पिशवीत देतात, ते स्वस्त पडतं. पण ते कशाचं, कधीचं, काही कळत नाही. आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात उघडी पिशवी दमट होते, बुरशी धरते. बुरशीतून तयार होणारं अफ्लाटॉक्सिन यकृताचा घात करतं. २०२०च्या अखेरीस अमेरिकेत अशाच दूषित खाद्याने शंभराहून अधिक कुत्री दगावली. म्हणून महिनाभरात संपेल एवढीच पिशवी घ्यावी, मूळ पिशवीसकट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी, वास बदलला तर टाकून द्यावी.

आता उलटी चूक. राजाच्या आठवणीने मी ढब्बूसाठी कॅल्शियमच्या औषधाची बाटली आणली होती. आमच्या डॉक्टरीणबाईंनी ती माझ्या हातातून काढूनच घेतली. “ताई, गोळ्यांत ते मोजून घातलेलं आहे. वरून द्याल तर पुन्हा पाय वाकडे कराल.” नेदरलँड्समधल्या उट्रेख्ट विद्यापीठात १९८०च्या दशकात ग्रेट डेनच्या पिल्लांवर झालेल्या अभ्यासातून हे स्पष्ट झालं. मोठं कुत्रं जादा कॅल्शियम सहसा बाहेर टाकतं. पहिल्या काही महिन्यांत पिल्लाला हे नीट जमत नाही. जेवढं घालाल त्याचा मोठा हिस्सा ते शोषत राहतं आणि मोठ्या जातींत हाडांची वाढ बिघडते. कमी दिलं तरी पाय वाकडे, जास्त दिलं तरी पाय वाकडे. पुण्या-मुंबईत आज तिशी-चाळिशीच्या किलोंत जाणारी पिल्लं घरोघर दिसतात आणि प्रत्येक घरात प्रेमाने आणलेली ही बाटली असते. तिचं बूच उघडण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावं.

कन्येचा लांडगा

कच्च्या मांसाचा पुरस्कार ही जुनीच गोष्ट नव्याने आलेली. इयान बिलिंगहर्स्ट या ऑस्ट्रेलियन पशुवैद्याने १९९३ साली ‘गिव्ह युवर डॉग अ बोन’ हे पुस्तक लिहिलं आणि कच्ची मांसल हाडं, अवयव, वाटलेल्या भाज्या असा आहार जगभर गाजला. त्यात तथ्य नाही असं नाही. ताजं मांस कुत्र्याला चांगलं पचतं, शी कमी होते, न खाणारं पिल्लूही ताटली चाटून पुसून ठेवतं. कारखान्यातल्या गोळ्यांवर प्रश्न विचारायला या मंडळींनी शिकवलं, तेही चांगलंच झालं.

पण ‘कुत्रा म्हणजे लांडगा’ हे पूर्ण खरं नाही. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ साली कुत्र्यांच्या आणि लांडग्यांच्या जनुकांची तुलना केली. पिष्ट पचवणारं अमायलेज तयार करणाऱ्या जनुकाच्या प्रती लांडग्यात दोनच असतात. कुत्र्यात त्या कितीतरी अधिक निघाल्या. माणसाच्या चुलीजवळ बसून, त्याच्या हातचा घास खाऊन कुत्रा आतूनही बदलला आहे. दत्ताच्या पायाशी आणि खंडोबाच्या घोड्यामागे जो उभा आहे, तो भाकरीचा वाटेकरी आहे.

दुसरा प्रश्न जंतूंचा. आपल्या बाजारात कोंबडी उघड्यावर, एकाच ओंडक्यावर दिवसभर कापली जाते. त्या मांसावर साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर असण्याची शक्यता आपण गृहीत धरतो, म्हणूनच ते शिजवतो. धडधाकट कुत्रा पुष्कळदा ते पचवून जातो. पण ते जंतू त्याच्या शीतून, जिभेतून घरभर फिरतात. ब्रिटनमधल्या ब्रिस्टल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ साली सोळा आठवड्यांची पिल्लं तपासली, तेव्हा कच्चं मांस खाणाऱ्या पिल्लांच्या शीत प्रतिजैविकांना दाद न देणारे जंतू आढळण्याचं प्रमाण जास्त होतं. ज्या घरात रांगतं मूल किंवा ऐंशीच्या आजी असतील, त्या घराने हे वाक्य दोनदा वाचावं. फ्रीझरमध्ये ठेवल्याने जंतू मरतात ही समजूतही चुकीची. थंडीत ते नुसते झोपतात.

शेळ्या-मेंढ्यांच्या काळजा-फुफ्फुसांचं कारण आणखी गंभीर. त्यांत एका पट्टकृमीच्या गाठी असू शकतात. कच्चं खाल्लं की तो कृमी कुत्र्याच्या आतड्यात वाढतो, त्याची अंडी शीतून, केसांवरून आपल्या हाताला लागतात आणि माणसाच्या यकृतात पाण्याच्या मोठाल्या गाठी होतात. न्यूझीलंडने कुत्र्यांना असे कच्चे अवयव घालण्यावर बंदी आणली, कुत्र्यांना नेमाने जंताची औषधं दिली आणि अनेक दशकांच्या कष्टांनंतर २००२ साली हा रोग देशातून जवळपास हद्दपार झाल्याचं जाहीर केलं. आपल्याकडे मात्र खाटीक उरलंसुरलं प्रेमाने कुत्र्यासाठी फुकट बांधून देतो.

आणि अगदी घराजवळचं उदाहरण. २०२४च्या डिसेंबरात नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने मेले. कोंबडीच्या मांसातून लागण झाली असावी, असा संशय तेव्हा व्यक्त झाला. हे सारं मी कन्येपुढे ठेवलं. ती बराच वेळ गप्प बसली आणि म्हणाली, “म्हणजे आजीचं श्रावण बरोबर होतं तर.”

आमचा तह

अखेर घरात तह झाला. तो असा.

ढब्बूच्या जेवणाचा नव्वद टक्के भाग पिल्लांच्या गोळ्यांचा. पिशवीवर ‘मोठ्या जातीच्या पिल्लांसाठी’ असं पाहून घेतलेला. सुरुवातीला दिवसाला साधारण पावणेदोनशे ग्रॅम, चार वेळांत विभागून, स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजून. वाटीने मोजलं की प्रेमाची वाटी भरत जाते. तीन महिन्यांनंतर तीन वेळा, सहानंतर दोन वेळा. दर आठवड्याला वजन आणि त्याप्रमाणे फेरफार. खाद्य बदलायचं झालं तर आठ-दहा दिवसांत, थोडं थोडं मिसळून.

उरलेला दहावा हिस्सा ताज्या अन्नाचा, हवं त्याच्या हातचा. सातशे कॅलरींचा दहावा हिस्सा म्हणजे सत्तर. एक उकडलेलं अंडं, की संपला. किंवा पन्नास ग्रॅम उकडलेली, बिनमिठाची कोंबडी. कच्चं म्हणाल तर गाजर, काकडी, बी काढलेलं सफरचंद, पपईची फोड. गाजराचा गार तुकडा तर दात शिवशिवणाऱ्या पिल्लाला खेळणंच होतो. एवढ्या मर्यादेत राहिलं, तर मुख्य आहाराचा तोल बिघडत नाही. गोळ्या आणि ताजं अन्न एका ताटलीत घालू नये, पचनाचा वेग वेगळा असतो, असं सांगतात; त्याला ठोस आधार नाही. ढब्बूला तर ते मिसळूनच आवडतं.

ज्यांना कच्चं मांस द्यायचंच आहे, त्यांना माझं सांगणं एवढंच. पिल्लू लहान असताना तो प्रयोग नको. पुढे तो करायचा तर पशुवैद्यांकडून पूर्ण आहाराचा तक्ता करून घ्यावा. अंदाजाने नको, कारण दहा टक्क्यांच्या पलीकडे गेलं की कॅल्शियमचा हिशेब आपल्या गळ्यात पडतो. सुरी, पाट, भांडं वेगळं ठेवावं. ताटलीत उरलेलं लगेच उचलून टाकावं आणि ताटली गरम पाण्याने व साबणाने धुवावी. जेवल्या तोंडाने त्याला मुलांचे गाल चाटू देऊ नयेत. जंताचं औषध वेळच्या वेळी. कलेजी हवीच असेल तर शिजवून, आठवड्यातून एखादा लहान तुकडा. अ जीवनसत्त्व त्यात इतकं असतं की रोजच्या कलेजीने अपाय होतो.

आणि काही गोष्टी कच्च्या नाहीत आणि शिजवलेल्याही नाहीत. कांदा-लसणाचा रस्सा, द्राक्षं आणि मनुका, चॉकलेट, साखरेऐवजी झायलिटॉल घातलेली च्युइंगम. शिजवलेलं हाड तर कधीच नाही. ते सुरीसारखं फुटतं. जेवण झाल्यावर ताटातला रस्सा-भात कुत्र्यापुढे सारायची आपली जुनी सवय आहे. आमच्या घरात ती मोडायला सगळ्यात जास्त दिवस लागले.

फासळ्या हाताला लागाव्यात

शेवटचा मुद्दा सगळ्यात अवघड, कारण तो आपल्याविषयी आहे. पिल्लू गुबगुबीत दिसलं की आपल्याला समाधान वाटतं. अमेरिकेत एका पशुखाद्य कंपनीनेच लॅब्रेडॉरच्या अठ्ठेचाळीस पिल्लांवर आयुष्यभर चाललेला एक अभ्यास केला. २००२ साली तो प्रसिद्ध झाला. एकाच विताच्या पिल्लांच्या जोड्या लावल्या. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पंचवीस टक्के कमी खायला दिलं. कमी खाणारी कुत्री सरासरीने जवळजवळ दोन वर्षं जास्त जगली आणि त्यांची सांधेदुखीही उशिरा सुरू झाली. खाद्य विकणाऱ्यांनीच ‘कमी घाला’ असं सिद्ध करावं, ही मौजच म्हणायची. कुत्र्याचं आयुष्य बारा-तेरा वर्षांचं. त्यात दोन वर्षं म्हणजे काय, हे ज्याने कुत्रा गमावला आहे त्याला सांगायला नको.

पिल्लाच्या बरगडीवरून हात फिरवावा. फासळ्या डोळ्यांना दिसू नयेत, पण बोटांना लागाव्यात. वरून पाहिलं तर कंबर दिसावी. ढब्बूला हे मोजमाप रोज संध्याकाळी सासूबाई लावतात. त्यांच्या मांडीवर तो उताणा पडतो आणि त्या माळ ओढतात तशा एकेक फासळी मोजतात.

राहिला प्रश्न त्यांच्या तुपाचा. कुत्र्याने भाकरी पळवली तेव्हा नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, कोरडी खाऊ नकोस म्हणून, ही कथा त्यांनी मला तीनदा ऐकवली. नामदेवांना मी काय उत्तर देणार? डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, “आजींना सांगा, वाटी नको, बोट चालेल.”

तेव्हापासून दर एकादशीला ढब्बू देवघराच्या उंबऱ्याशी येऊन बसतो आणि सासूबाई तुपात बुडवलेलं एक बोट त्याच्यापुढे धरतात. तो सात महिन्यांचा झाला आहे. परवा त्याने गच्चीच्या पायऱ्या तीन-तीन करत उड्या मारत गाठल्या. मी खाली उभी राहून त्याच्या मागच्या पायांकडे बघत होते. दोन्ही सरळ आहेत.